शेवाळ वाऱ्याचं ऐकतं

१४ ऑक्टोबर, रविवार

वही माझ्या बायकोच्या, गालिमाच्या कपाटातली. पुढच्या आठ पानांवर तिने विणकामाचे टाके मांडले होते, ती फाडून टाकली. आता ती शोधत बसलीय आणि मी गप्प आहे. कामासाठी घेतलीय, चोरी नाही.

काम असं की, रोलीन आपॉलिसवर नजर ठेवायची. उद्या ही वही आमच्या टेहळ्यांच्या ऑफिसातल्या लोकांच्या हातात पडली तर त्यांना सगळं नीट कळावं म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी तोयर सामसोदीन, वय एकसष्ट, हार्डरबायच्या किनाऱ्यालगतच्या टेकडीवरचा शार्कचा टेहळ्या. आम्ही दोघं आहोत. एक दिवस मी वर झोपडीत आणि रोलीन खाली वाळूवर रेडिओ घेऊन, दुसऱ्या दिवशी उलट. वरचा माणूस झेंडा ठरवतो. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ, खुशाल पोहा. काळा म्हणजे पाणी दिसत नाही, आपापल्या जबाबदारीवर उतरा. लाल म्हणजे नुकताच दिसून गेला. आणि पांढरा, ज्यावर शार्कचं चित्र आहे, तो चढला की भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांना बाहेर काढायचं, कारण मालक आत्ता पाण्यात आहे. पांढऱ्या शार्कला आमच्या किनाऱ्यावर मालकच म्हणतात. पाण्याजवळ त्याचं खरं नाव घेत नाहीत.

आता गोम ऐका. माणसं पोहत असताना रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, टाकायला बंदी आहे. रापण आहे हेनी आपॉलिसची आणि रोलीन हेनीची सख्खी पुतणी. महिनाभरात तिने तीनदा पांढरा चढवला. तिन्ही वेळा पाणी रिकामं झालं आणि तासाभरात हेनीची होडी जाळं घेऊन आत गेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकदा गाठ पडते. तीनदा पडली तर कावळा शिकवलेला असतो.

आणि या तीन वेळांत मला मालक एकदाही दिसला नाही. मला! तेवीस वर्षं याच हेनीच्या रापणीसाठी मासे हेरायला मी टेकडीवर उभा होतो. अंगातला स्वेटर काढून हलवायचो आणि होडी माझ्या हाताच्या इशाऱ्यावर वळायची. सोळा घरांच्या चुली माझ्या डोळ्यांवर पेटायच्या. चार वर्षांपूर्वी हेनीने मला काढलं. म्हणे दोनदा जाळं रिकामं आलं. मासा होता. त्याने होडी उशिरा लोटली.

१५ ऑक्टोबर, सोमवार

रोलीन वर, मी खाली. दहा वाजून दहा मिनिटांनी पांढरा झेंडा, भोंगा. चाळीसेक माणसं बाहेर. खालून मालक दिसत नाही हे मला मान्य आहे, वाळूवरून पाणी आरशासारखं चमकतं. पण अकराला होडी निघाली हे मी बघितलं. बोय माशांची चांगली ओढ मिळाली त्यांना.

हेनी दोर ओढता ओढता म्हणाला, "सलाम तोयर. डोळे कसे आहेत?"

माणूस 'कसा आहेस' म्हणतो. डोळ्यांचं कोण विचारतं? चोराच्या मनात चांदणं. मी किती बघितलंय याची चाचपणी चाललीय.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

मी वर. सकाळभर काळा झेंडा. समुद्रावर धुकं. या वर्षी धुकं काही हटायचं नावच घेत नाही. ऑगस्टपासून बघतोय, ऊन कडक असलं तरी पाण्यावर दुधासारखा पडदा.

बाराला कॅफेवाली मिसेस क्रिएल टेकडी चढून वर आली, घामाने निथळत. "अंकल तोयर, आठवड्यात हा तिसरा काळा झेंडा. माझ्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. कसलं धुकं? मला खालून समोरचं बेट दिसतंय, बेटावरचे सील दिसतायत."

मी म्हटलं, "मग तुम्हीच बसा इथे. मी खाली पाव भाजतो."

ती गेली. जाताना मान हलवत होती. हीपण हेनीला मिळालीय असं दिसतं. तिच्या कॅफेत रोज मासा त्याचाच जातो.

आणखी एक. मी वर असलो की रोलीन वाळूवर थांबत नाही, कॅफेच्या छपरावर चढते. आज दुर्बिणीतून दिसली, निदान तिचं लाल जाकीट तरी. टेहळ्या टेकडीवर बसलेला असताना छपरावर चढून ही कुणाची टेहळणी करते? माझीच.

२१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी गालिमाने कूसिस्टर, पाकातले गोड वडे, तळले. बारा आमच्यासाठी, आणि डबाभर वेगळे काढून वर फडकं बांधलं.

"हे कुणाला?"

"रोलीनला. तिच्या पोरींना आवडतात."

"तिला कशाला?"

"चांगली बाई आहे, तोयर."

मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा गालिमा फोनवर हळू आवाजात बोलत होती, "मार्चपर्यंत तरी. तेवढं सांभाळ, कनाला." मला बघून म्हणाली, बहिणीचा फोन. बहिणीला कनाला म्हणून विनवणी ती जन्मात कधी करत नाही. बहिणीवर ती ओरडते.

बायकोपण त्यांच्या बाजूला? सदतीस वर्षांचा संसार आहे. हे लिहू नये असं वाटतं, पण ठरवलंय ना, सगळं लिहायचं.

तिने कपही नवे आणलेत. पांढऱ्या टेबलावर पांढरे कप! मी चहा ओतला तो सगळा टेबलावर. तिच्या हातात फडकं तयारच होतं.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

आज पक्का पुरावा. रोलीन खोटं बोलली आणि मी ते पकडलं.

मी वर, झेंडा हिरवा. वारा आग्नेयेचा, टोपी उडवणारा, खडकांकडून पायऱ्यांकडे. म्हणजे दक्षिणेच्या काळ्या खडकांकडून उत्तरेला जिथे बायका पाण्यात उतरतात त्या दगडी पायऱ्यांकडे. नऊला पायऱ्यांसमोर शेवाळाचा एक मोठा पुंजका होता, आमच्या बैठकीच्या खोलीएवढा लांब. रोलीनचा रेडिओ आला, "अंकल, पायऱ्यांसमोर काळं काय आहे?"

"शेवाळ."

"नक्की ना?"

"बाई, तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी शेवाळ बघतोय."

पाच मिनिटांनी बघतो तर सगळी माणसं पाण्याबाहेर. झेंडा हिरवाच, मी काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी एका म्हाताऱ्या पोहणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, रोलीनने ओरडून सांगितलं की जेलीफिश आलेत. मी पायऱ्यांपासून खडकांपर्यंत चालत गेलो. एकही जेलीफिश वाळूवर नाही. म्हणजे पांढऱ्या झेंड्याची सोय नसली की हिच्याकडे जेलीफिशची सोय!

शेवाळाचा तो पुंजका दहाला खडकांपाशी पोचला आणि मग दिसेनासा झाला. एवढं एक लिहायचं राहिलं होतं.

२७ ऑक्टोबर, शनिवार

रोलीन वर. पांढरा, साडेआठ. हेनीची होडी साडेनऊला. पाच झाले.

पोहणाऱ्यांत आज गालिमाही होती. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितल्यापासून ती आणि तिच्या पाच मैत्रिणी रोज सकाळी पायऱ्यांवरून उतरतात. अंगभर काळे पोहण्याचे कपडे, डोक्याला पिवळ्या टोप्या. सहा म्हाताऱ्या पाण्यात गप्पा मारत तरंगतात, पोहणं नावाला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला उगाच काढलं. काही नव्हतं."

गालिमा टॉवेलने कान पुसत म्हणाली, "असू दे. रोलीन म्हणाली की आपण बाहेर यायचं."

"आणि मी म्हणालो की?"

ती दुसरा कान पुसत बसली.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज तोंडावर विचारलं. पाळी संपताना रोलीन झोपडीत आली. पस्तिशीची बाई आहे, नवरा बोटीवर असतो, घरी दोन मुली. तशी कष्टाळू आहे, ते नाकारत नाही. दोन वर्षांपूर्वी कामावर आली तेव्हा पाणी वाचायला मीच शिकवलं. माझ्या बापाचं वाक्य तिला पहिल्या दिवशी घोकायला लावलं होतं: शेवाळ वाऱ्याचं ऐकतं, मालक कुणाचंच ऐकत नाही. काळं काही दिसलं की आधी वारा बघायचा. वाऱ्याबरोबर चाललं तर शेवाळ. वाऱ्याच्या उलट चाललं तर झेंडा.

"शनिवारचा किती फूट होता?" मी विचारलं.

"चौदा असेल. खडकांच्या आतल्या अंगाने आला. पाणी छातीएवढं आहे तिथे, अंकल. उथळात पाठीवर ऊन घेत असल्यासारखा सावकाश चालला होता. मग बोयांचा थवा फुटला आणि त्याने असं वळण घेतलं." तिने हाताने वळण दाखवलं. बनवून सांगणारी माणसं बारकावे फार देतात.

"मला नाही दिसला."

"तुम्ही खाली होता."

"मी वर असताना तरी कुठे दिसतो? एकदाही नाही. तुलाच बरा दिसतो."

ती बाकावर टेकली. मग म्हणाली, "अंकल, उद्यापासून रोज मीच वर चढू का? तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही खाली बसा, लोकांशी तुमच्यासारखं कुणी बोलत नाही."

शेवटी आलं पोटातलं ओठावर. वरची जागा हवीय. आणि आवाज किती मऊ केला होता, आजाऱ्याशी बोलतात तसा. खोटं बोलणाऱ्याचा आवाज असाच मऊ होतो. मी म्हटलं, "माझे गुडघे माझ्याबरोबर चाळीस वर्षं टेकडी चढतायत. तू तुझ्या काकाचे गुडघे सांभाळ."

तिचे डोळे भरले असं वाटलं. नाटक असेल.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मशिदीतून घरी आलो तर जेवताना गालिमाने पुन्हा तेच काढलं. "एकदा डोळे दाखवून ये ना."

मी ताट सरकवलं. "सप्टेंबरात तपासणी झाली. पास झालो, कागद दाखवू? अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळही घडाघडा म्हणून दाखवली. नर्स म्हणाली, या वयात असे डोळे बघितले नाहीत."

"घडाघडा म्हणालास की वाचलीस?"

हिला कुठून कळलं? चार वर्षांत तो तक्ता बदललेला नाही, मला तो पाठ आहे. यात फसवणूक कसली? रोज नमाजात एकच सुरा म्हणणाऱ्याला कुणी विचारतं का, वाचून म्हणतोस की आठवून?

तरी जेवण गेलं नाही. राग आला होता. राग आला की छातीत असं बारीक थरथरतं, भीती वाटल्यासारखं.

७ नोव्हेंबर, बुधवार

हेनी आणि रोलीन आज रंगेहाथ सापडले. क्रमाने लिहितो, कारण सोमवारी ऑफिसात हेच सांगायचंय.

मी वर. सात वाजता हिरवा चढवला. धुकं होतं, पण काळा लावला की मिसेस क्रिएल बोंबलत येणार, आणि मलाही दाखवायचं होतं की तोयर सामसोदीनला अजून दिसतं. वारा आग्नेयेचा, चांगला जोरात. हेनीची होडी वाळूवर जाळं भरून तयार. त्याची माणसं वल्ही घेऊन बसलेली, बोयांचा थवा खडकांकडे असणार. पायऱ्यांवरून सहा पिवळ्या टोप्या पाण्यात उतरल्या.

साडेसातला शेवाळाचा पुंजका दिसला. मागच्या वेळी होता तसाच. पायऱ्यांच्या पलीकडून आला आणि हळूहळू टोप्यांच्या बाजूने खडकांकडे सरकत होता.

रेडिओवर रोलीन. छपरावरूनच बोलत असणार. "अंकल, मालक! पायऱ्यांसमोर. पांढरा चढवा, भोंगा द्या."

मी म्हटलं, "शेवाळ आहे. मी बघतोय."

"अंकल, नीट बघा. बायका आत आहेत."

"होडी तयार आहे ना काकाची? आज जेलीफिश नाही आले वाटतं?"

"अंकल, भोंगा द्या! गालिमा आंटी आत आहे."

बायकोचं नाव काढलं. माझ्या बायकोचं नाव घेऊन मला घाबरवायला निघाली! मी रेडिओ बंद केला. आज त्यांची चाल चालू द्यायची नाही, हिरवा राहणार म्हणजे राहणार, असं ठरवून बसलो.

मग दुर्बिणीतून बघतो तर होडी पाण्यात! झेंडा हिरवा, माणसं पोहतायत, तरी हेनीने होडी लोटली. नियम धाब्यावर. मी वहीत वेळ टिपली, ७.४१. होडी सरळ टोप्यांच्या घोळक्यात घुसली. माणसं वल्ह्यांनी पाण्यावर मारत होती, ओरडत होती. म्हाताऱ्यांना एकेक करून होडीत ओढलं. लाल जाकीट पायऱ्यांवरून कमरेएवढ्या पाण्यात शिरलेलं दिसलं.

आणि इतकं करून त्या शहाण्याने जाळं टाकलंच नाही. बायकांना वाळूवर उतरवलं आणि तिथेच बसून राहिला. तोवर थवा निघून गेला. अती शहाणा त्याचा बैल रिकामा.

ऑफिसातून आमच्या वरिष्ठ झुकिस्वा मॅडमचा फोन आला. सोमवारी रोलीनने आणि मी, दोघांनीही यायचं. आता माझी वही बोलेल.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी

गालिमा माझ्याशी बोलत नाही. मी दारात शिरलो तेव्हा खुर्चीवर बसली होती, अजून ओलीच, अंगावर हेनीच्या रापणीतल्या कुणाचा तरी तेलकट कोट. मी म्हटलं, "घाबरवलं ना त्या लोकांनी तुला? सोमवारी बघतोच एकेकाला."

तिने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग उठून कोट घडी करून ठेवला आणि आत गेली. रात्रीचं जेवण मी स्वतः गरम केलं.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

हे लिहावं की नाही ते कळत नाही. लिहितो. अक्षर मोठं काढतोय.

सोमवारच्या तयारीला दुपारी वही उघडली. शाई इतकी फिकट निघालीय की माझं मलाच वाचता येईना. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असं म्हणालो. गालिमाने हात पुढे केला. दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली, "आण इकडे. मी वाचते."

पहिली पानं वाचताना तिला विणकामाच्या आठ पानांचा पत्ता लागला. तेवढं एकदा हसली. मग वाचत गेली. आवाज न चढवता, दुकानाची यादी वाचावी तसं. मी बोटांवर मुद्दे मोजत होतो. एक, पांढरा झेंडा आणि होडी. दोन, छप्पर. तीन, जेलीफिश.

तेविसाव्या तारखेला ती थांबली. "हे परत वाचते," म्हणाली. "वारा आग्नेयेचा, टोपी उडवणारा, खडकांकडून पायऱ्यांकडे. बरोबर?"

"बरोबर."

"नऊला पुंजका पायऱ्यांसमोर. दहाला खडकांपाशी."

"बरोबर."

ती वाट बघत राहिली. आणि मला माझ्या बापाचा आवाज ऐकू आला. तो टेकडीवर माझी मान धरून पाण्याकडे वळवायचा आणि तेच ते वाक्य माझ्याकडून शंभरदा म्हणून घ्यायचा. मीच ते रोलीनला दिलं. मीच ते या वहीत लिहिलं.

वारा पायऱ्यांकडे, आणि पुंजका खडकांकडे.

"आणि बुधवारी?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

तिने बुधवारचं पान वाचलं. सगळं. "पायऱ्यांच्या पलीकडून आला आणि हळूहळू टोप्यांच्या बाजूने," हे तिने दोनदा वाचलं. मग वही मांडीवर ठेवली.

"माझ्या खालून गेला, तोयर. आधी पाणी गार झालं. मग पायांखालून काहीतरी जात राहिलं, जात राहिलं, संपेचना. भिंत जावी तसं. मी वर झेंड्याकडे बघितलं. हिरवा होता. मनाला म्हटलं, तोयरने हिरवा ठेवलाय म्हणजे काही नसेल."

मला बसवेना. बाहेर अंगणात जाऊन आलो. परत आल्यावर तिने उरलेलं सांगितलं. वर्षभर घरात मी दाराच्या चौकटीला धडकतोय. दोन वर्षांपूर्वी दुकानातून मिठाच्या जागी सोडा आणला. रोलीनला पहिल्याच मोसमात कळलं होतं. यंदा मोसम सुरू होताना ती गालिमाकडे आली आणि दोघींनी ठरवलं, हा मोसम संपेपर्यंत, मार्चपर्यंत, तोयरची अब्रू राखायची. तो वर असला की रोलीन छपरावरून बघेल.

"चूक माझीपण आहे," गालिमा म्हणाली. "तुझं मन मोडू नये म्हणून मी दुसऱ्यांचा जीव टांगणीला लावला. त्या पोरीच्या डोक्यावर ओझं दिलं. तुला स्पष्ट सांगायला हवं होतं. पण तू असा फुरफुरतोस की तोंड उघडायचीच भीती."

"हेनीला ठाऊक होतं?"

"चार वर्षांपासून. दोनदा त्याची होडी तू शेवाळावर घातलीस. त्याने कारण कुणालाही सांगितलं नाही, नाहीतर ही नोकरी तुला मिळाली असती का?"

मी म्हटलं, त्याने होडी उशिरा लोटली होती. सवयीने तोंडातून निघालं. ती म्हणाली, "बुधवारी तर लवकर लोटली ना?"

आणि थवा सोडून दिला. सोळा घरांचा मासा. मी त्याला अती शहाणा म्हणून वहीत लिहून ठेवलंय.

१२ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात वही नेली नाही. वहीत छपराचं लिहिलंय, रोलीन छपरावर का चढायची हे वाचणाऱ्याला लगेच कळेल, आणि माहीत असून दडवलं म्हणून तिची नोकरी जाईल. म्हणून वही गालिमाच्या कपाटात परत.

झुकिस्वा मॅडमनी आधी रोलीनला विचारलं. ती म्हणाली, "अंकलच्या जागेवरून त्या वेळी ऊन डोळ्यांवर येतं." अजून मलाच सांभाळत होती. मी मध्ये बोललो, "ऊन पाठीमागे असतं, मॅडम. मला दिसत नाही. वर्ष झालं, जास्तच असेल. मी कुणाला कळू दिलं नाही. तक्ता पाठ आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पाठ?"

मी म्हणून दाखवला. वरपासून खालपर्यंत, त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. रोलीनने माझ्या कोटाची बाही धरली होती, ती तिने सोडली नाही.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "तुझ्याबद्दल मी काय काय लिहिलंय ते तू वाचू नकोस."

"आंटीने सांगितलं थोडं," ती म्हणाली. "शिकवलेला कावळा वगैरे."

हेनीकडे अजून गेलो नाही. काय बोलायचं ते जुळत नाही. गालिमाने कोट धुऊन ठेवलाय, तो निमित्ताला आहे.

२१ नोव्हेंबर, बुधवार

हे गालिमा लिहितेय, मी सांगतोय. मी सांगतो तेच लिहिते की आपलं काही घालते ते अल्ला जाणे. (तेच लिहितेय. गालिमा.)

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुष्कळ पिकलेला. दवाखान्यात नर्सने तक्ता उलटा टांगला होता. माझी कीर्ती तिथवर पोचलीय. शस्त्रक्रियेला सात महिन्यांची रांग आहे. रांगेत माझं नाव खाली कुणी सरकवलं याची चौकशी करायची आहे. (कुणी सरकवलं नाही. उशिरा गेलास म्हणून खाली आहेस. गा.)

कोट देऊन आलो. हेनी जाळं सांधत होता. मी म्हटलं, "तुझी होडी तेव्हा वेळेवरच निघाली होती." तो म्हणाला, "कधीची?" मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वीची." तो सांधत राहिला. मग बाजूचा डबा पायाने माझ्याकडे सरकवला, बस म्हणून. बसलो. मासा कसा आहे यंदा, असं बोललो थोडं.

मग ऑफिसची दुर्बीण आणि पाण्याची चकाकी कापणारा चष्मा परत करायला टेकडी चढलो. गालिमा खालीच थांबली. रोलीन झोपडीत होती, झेंडा हिरवा. मी बाकावर बसलो. वारा आग्नेयेचा. मी तिला म्हटलं, काय काय दिसतंय ते सांग. ती सांगत होती: पायऱ्यांपाशी तीन लहान मुलं आणि त्यांचा बाप, मधे लाटांवर दोन फळीवाले, खडकांपाशी काही नाही.

सांगता सांगता थांबली. मग हळूच म्हणाली, "अंकल. खडकांच्या बाजूला. मुलांकडे तोंड आहे."

मी विचारलं, "वाऱ्याबरोबर चाललंय ना? मग शेवाळ असेल." तोंडातून गेलंच.

ती म्हणाली, "आत्तापर्यंत वाऱ्याबरोबर होतं. आता थांबलंय."

शेवाळ असल्या वाऱ्यात थांबत नाही. मी बघितलं. डोळे फाडून बघितलं. दूध होतं नुसतं, खालपासून वरपर्यंत. तिने भोंग्याकडे हात नेला, तोवर मी उठलो होतो. त्या दोऱ्या मला डोळ्यांनी बघाव्या लागत नाहीत. हिरवा उतरवला. पांढरा चढवला. भोंगा तिने दिला.

मला काही दिसलं नव्हतं.